शस्त्रक्रियेचा दर ठरवताना आधी टेबलावरचा तास मोजावा

एका तरुण पशुवैद्यकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : "सर, शिरवळच्या महाविद्यालयातून पदवी घेतली, तीन वर्षे नोकरी केली आणि दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी लहान प्राण्यांचा स्वतःचा दवाखाना सुरू केला. महिन्याला पंधरा-सोळा शस्त्रक्रिया होतात, बहुतेक कुत्र्यांच्या माद्यांची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढण्याच्या. मी ४,५०० रुपये घेतो, शेजारचे डॉक्टर ३,५०० घेतात. औषधे आणि टाक्यांचा धागा यांचा खर्च वजा केला तर प्रत्येक केसमागे बरे पैसे सुटतात असे दिसते, पण महिनाअखेर हाती काहीच उरत नाही. दर वाढवावा का, आणि वाढवला तर लोक शेजारी जातील का?"

आपण दोन प्रश्न विचारले आहेत, पण माझ्या मते खरा प्रश्न तिसराच आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा एक तास आपल्याला कितीला पडतो, हे आपल्याला माहीत नाही. आणि ते माहीत नसताना ४,५०० हा दर जास्त की कमी हे आपणही सांगू शकत नाही, मीही नाही आणि शेजारचे डॉक्टरही नाहीत. औषध आणि धागा वजा करून जे उरते त्याला आपण नफा समजत आहात. त्या रकमेतून अजून जागेचे भाडे, दोन सहायकांचे पगार, यंत्राचा हप्ता, वीज आणि आपला स्वतःचा पगार जायचा आहे. महाविद्यालयाच्या चिकित्सालयात आपण सगळ्यांनी शस्त्रक्रिया शिकलो, पण तिथे पशुपालकाला नाममात्र शुल्काची पावती मिळते आणि खऱ्या खर्चाचा कागद विद्यार्थ्याच्या हाती कधी येत नाही. त्यामुळे ही चूक आपली एकट्याची नाही. मीही व्यवसायाची पहिली सहा वर्षे अशीच काढली.

माझे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, हे आधीच सांगतो. जागा स्वतःची की भाड्याची, भूल वायूच्या यंत्रावर देता की केवळ इंजेक्शनवर, कर्ज किती आहे, हाताचा वेग किती आहे, गाव केवढे आहे, यांवर उत्तर बदलते. म्हणून खालील हिशेबातील रकमा समजण्यापुरत्या धरलेल्या आहेत. पद्धत घ्यावी आणि रकमा आपल्या वहीतल्या घालाव्यात.

समजा भाडे १८,०००, दोन सहायकांचे पगार मिळून २४,०००, वीज, पाणी आणि फोन ६,०००, जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या संस्थेचे १,५००, यंत्रांच्या कर्जाचा हप्ता १४,०००, यंत्रांची दुरुस्ती आणि ती कधीतरी नवी घ्यावी लागणार म्हणून बाजूला टाकलेले ५,०००, आणि स्वच्छता, छपाई, हिशेबनीस वगैरे ३,५००. हे झाले ७२,०००. कचऱ्याची रक्कम अनेक जण धरतच नाहीत. परंतु २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम पशुवैद्यकीय संस्थांनाही लागू आहेत आणि वापरलेल्या सुया, काढलेले गर्भाशय आणि रक्ताने भिजलेले बोळे नगरपालिकेच्या घंटागाडीत टाकता येत नाहीत, तेव्हा हा खर्च कायमचा आहे.

आता या यादीत सर्वांत वर असायला हवा होता तो खर्च घ्या : आपला पगार. "उरेल ते माझे" ही आपल्या व्यवसायातील सर्वांत महागडी सवय आहे. आपल्याच बॅचचा जो मित्र पशुधन विकास अधिकारी झाला त्याला पगार मिळतो, रजा मिळते आणि रात्री दोनला फोन येत नाही. आपण तेवढे तरी स्वतःसाठी आधी बाजूला काढणार नसाल, तर दवाखान्याला तोटा आपल्या घरातून पुरवत आहात, एवढाच त्याचा अर्थ होतो. समजा ६०,००० धरले. एकूण झाले १,३२,०००.

तास किती? महिन्याचे २६ दिवस आणि रोजचे आठ तास धरले तर २०८ तास होतात. पण दवाखाना उघडा असणे आणि कामाचे पैसे मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी एकदा पूर्ण महिनाभर टेबलाशेजारी एक वही टांगली आणि ज्या मिनिटाचे बिल झाले तेवढेच मिनिट त्यात लिहिले. मला वाटत होते की मी दिवसभर कामात असतो. प्रत्यक्षात अर्ध्याहून थोडेच जास्त तास भरले. बाकीचा वेळ फोनवर फुकट सल्ले देण्यात, औषध विक्रेत्यांशी बोलण्यात, वेळ घेऊन न आलेल्या माणसाची वाट पाहण्यात गेला होता. म्हणून आपल्यासाठी ११० तास धरतो. १,३२,००० भागिले ११०, म्हणजे तासाला १,२०० रुपये. आपला पगार बाजूला ठेवला, तर नुसता दवाखाना चालू ठेवण्याचा खर्च तासाला सुमारे ६५५ रुपये येतो. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहेत.

पुढे एका साध्या केसकडे येऊ : पंधरा-सोळा किलोची, निरोगी, माजावर नसलेली मादी. तपासणी आणि पूर्वभूल २० मिनिटे, कॅन्युला (शिरेतली बारीक नळी) लावणे, पोटावरचे केस काढणे, भूल आणि श्वासनलिकेत नळी घालणे १५, शस्त्रक्रिया ५०, नळी काढून ती डोके उचलेपर्यंत जवळ थांबणे १५, तिसऱ्या दिवशी जखम पाहणे आणि दहाव्या दिवशी टाके काढणे मिळून २०. म्हणजे डॉक्टर म्हणून आपले दोन तास गेले. हत्यारे धुऊन, बांधून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, लावण्याचा वेळ सहायकाचा आहे, तो पगारात आलेला आहे. दोन तासांचे २,४०० झाले.

साहित्य मोजताना मात्र सरासरीने बोलू नये, कारण इथे हात सैल असतो. विक्रिलचे (आत विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्याचे) फॉइल फाडले की त्यातला वीतभर धागा वापरला काय किंवा सगळा वापरला काय, ते पूर्ण फॉइल त्या केसच्या नावावर पडते. आयसोफ्लुरेनच्या, म्हणजे वायूने भूल देण्याच्या औषधाच्या, बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी, ती संपेपर्यंत एकूण किती मिनिटे भूल दिली ते वहीतून काढावे आणि बाटलीची किंमत त्या मिनिटांत वाटावी. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा माझा अंदाज खऱ्याच्या निम्मा निघाला. भूल ६५०, प्रतिजैविक आणि वेदनाशामक घरी देण्याच्या गोळ्यांसह ४५०, धागा ९००, कॅन्युला, सेट आणि सलाईन २५०, ग्लोव्हज, ड्रेप, गॉज, ब्लेड २५०, आणि जखम चाटू नये म्हणून गळ्याची कॉलर ३०० असे धरले तर २,८०० होतात. यात नासाडी आणि भाववाढीचे दहा टक्के घातले की ३,०८०. ही किंमत नेहमी जीएसटीसह धरावी. प्राण्यांच्या आरोग्यसेवेबद्दलचे पशुवैद्यकीय दवाखान्याचे शुल्क जीएसटीमधून मुक्त आहे, त्यामुळे ग्राहकाकडून आपण तो घेत नाही. पण त्याच कारणाने औषध आणि यंत्रे खरेदी करताना भरलेल्या कराची वजावटही या सेवेपोटी मिळत नाही. तो कर आपला खर्चच असतो.

वेळ आणि साहित्य मिळून ५,४८० झाले. टाका तुटणे, जखमेत पाणी धरणे, मध्यरात्री घाबरलेल्या मालकाला बोलावून घेणे हे कधीतरी होणारच आणि त्यासाठी मालकाकडून पुन्हा पैसे मागणे मला कधी जमले नाही, म्हणून प्रत्येक केसमागे २२० रुपये या कामासाठी राखून ठेवावेत. ५,७०० झाले. त्यावर दवाखान्याचा नफा पंधरा टक्के. नफा आणि आपला पगार एक नव्हे; नवे यंत्र, चांगला दिवा, दुसरा डॉक्टर हे सगळे त्या पंधरा टक्क्यांतून येणार आहे. बेरीज ६,५५५, म्हणजे दर ६,५०० च्या आसपास.

आता आपल्या ४,५०० कडे परत या. त्यातून साहित्याचे ३,०८० वजा करा. उरले १,४२०, म्हणजे तासाला ७१०. दवाखाना नुसता उघडा ठेवायला तासाला ६५५ लागतात. आपल्या हाताला, शिक्षणाला आणि जबाबदारीला तासाचे ५५ रुपये मिळत आहेत, आणि एखाद्या केसमध्ये टाका तुटला की तेही जातात. "बरे पैसे सुटतात" आणि "महिनाअखेर काही उरत नाही" ही आपली दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी कशी, याचे उत्तर या एका वजाबाकीत आहे.

यावर एक रास्त शंका घेता येईल, आणि ती मी स्वतःच घेतो. दुपारी दवाखाना रिकामाच असेल, तर ४,५०० ची शस्त्रक्रिया नाकारून काय मिळणार? भाडे आणि पगार तर द्यायचेच आहेत; त्यापेक्षा १,४२० आलेले बरे. हे खरे आहे, परंतु एका मर्यादेपर्यंतच. रिकाम्या तासाचा स्वस्त दर हळूहळू आपला नेहमीचा दर होतो, आणि मग भरलेल्या तासातही तोच लागतो. मी यातून असा मार्ग काढला की मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी, आधी नाव नोंदवून, सलग तीन निरोगी माद्यांच्या शस्त्रक्रिया घ्यायच्या आणि त्यांनाच कमी दर लावायचा. हा दर भीक म्हणून दिलेला नाही, त्यामागे खरोखर खर्च वाचलेला असतो : ऑटोक्लेव्ह एकदाच लागतो, खोली एकदाच तयार होते, पहिली शुद्धीवर येईपर्यंत सहायक दुसरीचे केस काढतो. शनिवारी संध्याकाळी अचानक येणाऱ्याला हा दर मिळत नाही आणि कारण सांगितले की लोकांना ते पटते.

सरसकट एकच दर ठेवणे ही दुसरी चूक. पाच किलोची पॉमेरेनियन आणि अडतीस किलोची चरबी धरलेली लॅब्राडोर यांना एकच शस्त्रक्रिया म्हणणे केवळ कागदावर शक्य आहे. लॅब्राडोरमध्ये अंडाशयाचा बंध खोल जातो, बोटाखाली चरबी निसटते, गाठ बसली की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही, बोटाने जाणवून घ्यावे लागते, आणि हे सगळे होईपर्यंत भुलीचा वायू चालूच असतो. माझ्याकडे वजनाचे चार गट आहेत. माजावर असेल तर थांबायला सांगतो, आणि थांबणे शक्य नसेल तर वेगळी रक्कम आहे, कारण त्या दिवसांत रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि वेळ नक्की जास्त जातो.

पायोमेट्राची, म्हणजे गर्भाशयात पू भरल्याची, केस तर या यादीत बसवूच नये. माझ्या सुरुवातीच्या काळात एका शनिवारी रात्री नऊ वर्षांची जर्मन शेफर्ड आली; चार दिवस खाणे बंद, सारखे पाणी पीत होती, मागून घाणेरडा स्राव येत होता. मी फोनवर आधीच "पिशवी काढण्याच्या दीडपट होतील" असे सांगून बसलो होतो. पोट उघडले तेव्हा गर्भाशयाची दोन्ही शिंगे मनगटाएवढी जाड झाली होती आणि पकडीच्या दाबानेच भिंत फाटेल अशी अवस्था होती, म्हणून पकड न लावता ती दोन्ही तळव्यांवर तोलून बाहेर घ्यावी लागली. कुत्री वाचली. पण पुढे तीन दिवस सलाईन, रोज रक्ततपासणी, एक सहायक रात्रभर, आणि माझ्या तोंडून गेलेली रक्कम तर ठरलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी सलाईन आणखी एक दिवस चालवावे असे मला वाटत होते, तरी मी मालकांना "घरी न्या, चालेल" म्हणालो. तिला पुढे काही झाले नाही, हे तिचे नशीब. त्या सकाळी मला कळले की कमी दराचा तोटा केवळ माझ्या खिशाला होत नाही. तो उपचाराच्या निर्णयात शिरतो आणि त्याची किंमत टेबलावरचा प्राणी मोजतो.

तेव्हापासून तातडीच्या शस्त्रक्रियेचा ठाम दर मी फोनवर सांगत नाही. प्राणी तपासतो, रक्त आणि सोनोग्राफी पाहतो आणि किमान व कमाल अशा दोन रकमांचे अंदाजपत्रक मराठीत लिहून देतो. शस्त्रक्रियेची रक्कम त्यात एक असते आणि नंतरच्या मुक्कामाची रोजची रक्कम वेगळी असते. संमतीपत्रावर सही आणि किमान रकमेचा निम्मा भाग आधी घेतो. कमाल रक्कम ओलांडण्याची वेळ आली तर टेबलावरून सहायकामार्फत निरोप जातो, बिल हाती पडल्यावर मालकाला धक्का बसत नाही. लोक पैशांवरून चिडतात असे आपण म्हणतो. माझा अनुभव असा की ते बहुतेक वेळा न सांगितलेल्या पैशांवरून चिडतात.

मोठ्या जनावरांचे काम आपण करत नसलात तरी तालुक्याच्या गावी ते कधीतरी दारात येतेच, म्हणून थोडक्यात सांगतो. तिथे वरची मर्यादा आपला खर्च ठरवत नाही, म्हशीची बाजारातली किंमत आणि तिचे पुढचे वेत ठरवतात. रात्री गोठ्यावर जाऊन केलेल्या सिझेरियनमध्ये जाण्या-येण्याचा वेळ, गाडी, शस्त्रक्रिया आणि औषधे अशा वेगळ्या ओळी लिहाव्यात, आणि वासराची आशा नसेल व म्हैसही खचलेली असेल तर कापण्यापूर्वीच तसे स्पष्ट सांगावे. शेतकऱ्याचे दुधाचे बिल बहुधा दर दहा दिवसांनी निघते. त्या तारखेचा वायदा मी मान्य करतो, पण औषधांची रक्कम त्याच रात्री घेतो. उधारी द्यावी, पण आपल्या खिशातून मेडिकलवाल्याचे पैसे भरून देऊ नये.

आता शेजारच्या डॉक्टरांकडे येऊ. त्यांच्या ३,५०० मध्ये काय आहे हे आपल्याला माहीत आहे का? जागा स्वतःची असेल, भूल केवळ झायलाझिन-केटामाइनच्या इंजेक्शनवर असेल, घरी द्यायची औषधे, कॉलर आणि प्रत्येक वेळचे ड्रेसिंग यांचे पैसे वेगळे असतील, तर शेवटी मालकाचे किती जातात ते वेगळेच निघेल. कदाचित तेही आपल्यासारखेच तोट्यात असतील आणि आपल्याकडे बघून दर धरून बसले असतील. एकमेकांकडे पाहून उतरत जाणारे दोन दवाखाने मी पाहिले आहेत. दोन्हीकडे आधी वेदनाशामक वगळले गेले, मग प्रत्येक प्राण्याला स्वतंत्र निर्जंतुक हत्यारे देणे बंद झाले. त्यांच्याविषयी ग्राहकासमोर एक शब्दही वावगा बोलू नये. फोनवर "किती घेता?" असे विचारणाऱ्याला आमची सहायक आधी वय आणि वजन विचारते, मग रक्कम सांगते आणि लगेच त्या रकमेत काय काय येते तेही सांगते : भुलीपूर्वीची तपासणी, सलाईन, वायूची भूल, दोन्ही वेळची वेदनाशामके, कॉलर, दोन फेरतपासण्या. काही जण तरीही शेजारी जातात. सगळ्यांनी आपल्याकडेच यावे असा दर अस्तित्वात नाही.

"भटक्या कुत्र्यांच्या संस्थेत तर फुकट करतात" हेही ऐकावे लागते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांच्या शस्त्रक्रियांची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर आहे. तो खर्च सार्वजनिक पैशांतून होतो, तिथे एकाच प्रकारचे काम दिवसभर चालते आणि दहाव्या दिवशी टाके दाखवायला कोणी मालक येत नाही. ते काम मोलाचे आहे, फक्त ते आपल्या दराचे माप होऊ शकत नाही, आणि हे मालकाला शांतपणे समजावता येते.

सवलत कोणाला द्यावी हा प्रश्न मला फार जवळचा आहे. गल्लीतील कुत्रीला स्वतःच्या पैशांनी सांभाळणाऱ्या बाई, पेन्शनवर जगणारे आजोबा, मेंढपाळाचा राखणीचा कुत्रा, यांना पूर्ण दर सांगायला जीभ रेटत नाही आणि रेटूही नये. पण सवलत बिलावर लिहावी : पूर्ण रक्कम ६,५००, सवलत २,०००, देय ४,५००. दर महिन्याला अशा सवलतीसाठी एक रक्कम आधीच ठरवावी आणि ती संपली की पुढच्या महिन्याची तारीख द्यावी. सवलत रकमेत द्यावी, उपचारात कधीही देऊ नये. कमी पैसे दिलेल्या कुत्रीच्या पोटातही तोच धागा आणि तेच वेदनाशामक गेले पाहिजे.

दर एकदम २,००० ने वाढवू नये असे अनेक जण सांगतील. मी म्हणेन, आधी महिनाभर मिनिटांची वही ठेवा. माझे ११० तास आपल्याकडे ९० असतील किंवा १४०, आणि त्याने दर बराच बदलेल. कदाचित असेही दिसेल की दर थोडाच वाढवून रिकामे तास भरणे आपल्याला जास्त फायद्याचे आहे. मग वजनाचे गट करा आणि मोठ्या, जाड व माजावरच्या केसेसचा दर त्याच दिवसापासून खऱ्या खर्चावर आणा, कारण सर्वांत मोठा तोटा तिथे आहे आणि तिथे फरकाचे कारण मालकाला डोळ्यांनी दिसते. साध्या केसचा दर दोन टप्प्यांत न्या, मध्ये चार-पाच महिने जाऊ द्या. ज्यांनी आधीच तारीख घेतली आहे त्यांना जुनाच दर लावा. नव्या दराचा कागद दर्शनी भागात लावा आणि खाली त्यात काय समाविष्ट आहे ते मोठ्या अक्षरांत लिहा. पहिल्या दोन महिन्यांत शस्त्रक्रिया पंधरावरून बारावर आल्या तर घाबरू नका : ४,५०० च्या पंधरा केसेसमध्ये साहित्य वजा जाता २१,३०० उरत होते, ५,५०० च्या बाराच केसेसमध्ये २९,०४० उरतील, आणि वर आपले सहा तास मोकळे राहतील.